पंगत, भंडारा की पार्टी: आवतणाच्या शब्दावरून पिठाचा हिशेब

खान्देशात जेवण घालायचं ठरलं आणि आचाऱ्याकडे गेलं, की तो आधी विचारतो, "आवतण कसं दिलंय?" माणसं किती, हा त्याचा दुसरा प्रश्न. घरटी एक सांगितलं, चूलबंद सांगितलं, की नुसतं "भंडारा आहे, या" म्हणून मोकळे झालात, यावर सात किलो पीठ भिजवायचं की पंचवीस, हे ठरतं. म्हणून आधी शब्द नीट समजून घ्या, मग तराजू काढा.

शब्द कोणता, पानं किती

"घरटी एक" म्हणजे घरातून एक माणूस. चाळीस घरांना असं आवतण गेलं तर पंचेचाळीस ते पन्नास पानं धरा. काही घरांतून आजोबांचं बोट धरून नातू येतोच. "चूलबंद" म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही. मग त्यात लेकुरवाळी सून आली, शाळेतली पोरं आली आणि सकाळच्या एसटीनं उतरलेला पाहुणाही आला. चाळीस घरांचं चूलबंद आवतण एकशे सत्तर ते एकशे ऐंशी पानांवर जातं. अन्नाचा अंदाज घेताना दहा वर्षांखालचं पोर अर्धं धरतात, पत्रावळ मात्र त्यालाही अख्खीच लागते. हे विसरल्यामुळे अन्न भरपूर आणि पत्रावळी संपल्या असा प्रसंग लग्नाघरी हमखास येतो.

चूलबंदचा एक नियम आहे. ते घरच्या बाईला सांगायचं. पारावर भेटलेल्या पुरुषाला "चूलबंद बरं का" म्हणून पुढे गेलात, तर निरोप घरी पोहोचेलच असं नाही. इकडे तिची भाजी चुलीवर आणि तिकडे तुमची पाच पानं रिकामी.

"भंडारा" हा देवाचा शब्द. सप्ताह संपला, काल्याचं कीर्तन झालं, की भंडारा. देवळाच्या भोंग्यावरून एकदा पुकारलं की जो येईल तो आपला, आणि आलेल्याला माघारी लावता येत नाही. म्हणून भंडाऱ्यात पानं मोजता येत नाहीत, फक्त अंदाज बांधता येतो. या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. पोराच्या वाढदिवसाला "आमच्याकडे भंडारा आहे" म्हणू नका. लोक आधी कोणत्या देवाचा ते विचारतील.

त्याच्या अगदी उलटा "रोट". श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हाचं हे जेवण. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा सव्वा मूठ धान्य मोजून घेतात, आणि तो रोट भाऊबंदकीतच संपवतात, बाहेरच्याला देत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याला सहज बोलताना "रोट खायला या" असं म्हणून चालत नाही. घराण्याप्रमाणे रीत थोडी बदलते, ती घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून घ्यावी.

दुःखाच्या जेवणाला इकडे जेवणाचं नावच घेत नाहीत. "गंधमुक्तीला या" एवढंच सांगायचं, पुढचं समजून घेतलं जातं. तिथे वाढताना आग्रह नसतो, म्हणून अन्नही दहा टक्के कमी लागतं.

"मेजवानी" पत्रिकेत छापायला ठीक. ओट्यावर बसून कोणी म्हणत नाही. "जेवणावळ" म्हणतात, पण बहुतेक वेळा खर्चाला नावं ठेवताना: "जेवणावळी उठवल्या अन् वावर गहाण टाकलं." रोजच्या बोलण्यात शब्द एकच, पंगत. मूळ संस्कृत पंक्ती, म्हणजे रांग. ती जेवणाचं नाव आहे, तशीच वेळेचं मापही आहे. "मी दुसऱ्या पंगतीला बसतो" यात पुढचा अर्धा-पाऊण तास मोजलेला असतो. पंगत बसते, पंगत उठते, आणि शेवटच्या माणसाचा घास संपायच्या आत कोणी उठलं तर पंगत मोडते. पान मांडणं आणि पान वाढणं यातही फरक आहे. नुसती पत्रावळ ठेवली की पान मांडलं; मिठापासून तुपापर्यंत सगळं पडलं की पान वाढलं. "पानं वाढली" अशी हाक पोरांनी लवकर दिली की लोक येऊन रिकाम्या पत्रावळीसमोर बसतात.

आवतण दोनदा जातं. पहिलं आदल्या दिवशी. दुसरं म्हणजे बोलावणं, अन्न तयार झाल्यावर दारोदार जाऊन. अहिराणी मुलखात, म्हणजे धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळ्याकडे, "जेवाले चाला" अशी हाक येते. बोलावणं आल्याशिवाय भला माणूस घरातून निघत नाही, म्हणून पहिल्या आवतणात कितीही निक्षून बारा वाजता सांगितलं तरी त्याला अर्थ नाही. बोलावण्याला गेलेली पोरं परत येईपर्यंत बट्टी (जाडसर पिठाचे वाफवून तळलेले गोळे) तळायला घेऊ नये.

"पार्टी" हा शब्द आला की देव नाही, सोयरे नाहीत, सगळं दोस्तमंडळींचं. हिवाळ्यात तो शब्द ऐकला की भरीतच समजायचं. ते शेवटी येईल.

बट्टी: दोनदा थांबणारं अन्न

खान्देशातली मोठी पंगत वरण-बट्टीची का, याचं कारण चवीइतकंच हिशेबात आहे. पोळी लाटली की ती खावीच लागते, भात शिजला की संपवावाच लागतो. बट्टी दोनदा थांबवता येते. पीठ कोरडं असताना एकदा, आणि वाफवून झाल्यावर दुसऱ्यांदा. तळायची ती फक्त समोर बसलेल्या पंगतीपुरती. भंडाऱ्यासारख्या न मोजता येणाऱ्या जेवणाला याहून सोयीचं अन्न नाही.

शंभर पानांच्या पंगतीला लागणारं सामान असं:

गहू 12 किलो आणि मका 3 किलो, एकत्र जाडसर दळून
मोहनाला तेल दीड लिटर
मीठ 200 ग्रॅम, ओवा 120 ग्रॅम, हळद 40 ग्रॅम
खायचा सोडा 40 ग्रॅम (न घालणारेही बरेच, मोहन नीट असेल तर चालतं)
पाणी साधारण 7 लिटर
तळायला तेल 10 किलो, त्यातलं 6 कढईत आणि 4 वरून भर टाकायला
तूरडाळ 7 किलो
वांगी 12 किलो
साजूक तूप अडीच किलो
लिंबं 60, कांदे 5 किलो
भाताला तांदूळ 3 किलो

दळण चक्कीवर देताना "बट्टीचं" असं सांगितलं की पुरे. पोळीच्या पिठापेक्षा जाड, लापशीपेक्षा बारीक. चिमटीत घेतलं तर रव्यासारखी कणी लागली पाहिजे. पोळीचंच पीठ वापरलं तर बट्टी चिवट होते, दातांना रबर लागतं, आणि मुख्य म्हणजे ती पानात चुरत नाही. न चुरणाऱ्या बट्टीत वरण मुरत नाही. मका खुसखुशीतपणासाठी, चार भाग गव्हाला एक भाग मका. स्वस्त पडतो म्हणून तो दीड-दोन भागांवर नेला की वाफवताना गोळ्याला चिरा पडतात आणि तळताना कढईच्या तळाशी चुरा साठतो. तो चुरा जळतो, तेल काळं पडतं आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडसर वास लागतो.

मोहन गरम करून पिठावर ओता आणि दोन्ही हातांनी चोळा. मूठ वळली की पीठ मुठीच्या आकारात राहिलं पाहिजे आणि बोटानं टोचलं की फुटलं पाहिजे. तेवढं झालं तर मोहन पुरेसं आहे. मग पाणी थोडं थोडं घाला. गोळा पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट हवा. जाड दळलेला गहू पाणी सावकाश पितो, त्यामुळे भिजवताना कोरडं वाटलं म्हणून आणखी पाणी ओतू नका. ओलं फडकं झाकून अर्धा तास ठेवा, मग हात लावून बघा.

आता गोळे. एका गोळ्याचं वजन 120 ग्रॅम ठेवलं तर एवढ्या पिठात दोनशेच्या आसपास होतात, म्हणजे पानाला दोन. पहिला गोळा तराजूवर तोलून घ्या आणि वळणाऱ्या प्रत्येक बाईच्या समोर नमुना म्हणून ठेवा. गोळा तळहाताएवढा थापायचा, वर तेलाचं बोट फिरवायचं, चारी बाजूंनी आत दुमडायचा आणि पुन्हा गोल करायचा. या दुमडण्यामुळेच तळल्यावर आत पदर सुटतात. घाईत ते सोडून नुसते लाडू वळले की बट्टी आतून भरीव राहते. चार जणींना दोनशे गोळे वळायला तास-सव्वा तास लागतो.

वाफवायला रुंद पातेलं घ्या. तळाला चार बोटं पाणी, वर जाळी. जाळी नसेल तर धुतलेल्या काड्यांचा आडवा-उभा थर आणि त्यावर ओलं फडकं. गोळ्यांत बोटभर अंतर ठेवा. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेंब थेंब गोळ्यांवर पडून वरचा थर चिकट होतो. पाणी उकळल्यावर पंचवीस ते तीस मिनिटं. सुरी टोचून कोरडी बाहेर आली की झालं. साठ-साठ गोळ्यांची दोन पातेली असतील तर दोन फेऱ्यांत काम आटोपतं.

यापुढची पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. वाफवलेली बट्टी पूर्ण थंड होऊ द्यावी लागते, निदान तासभर, चादरीवर पसरून, एकावर एक न रचता. गरम असताना कापली तर सुरीला पीठ चिकटतं, कडा फाटतात, आणि फाटलेल्या कडेतून तेल आत शिरतं. बाहेरून बट्टी छान दिसते, पण पानात दाबली की तेल ओघळतं. थंड झालेल्या बट्टीचे चार उभे तुकडे करा. कापलेली बाजू कोरडी, बारीक जाळीची दिसली पाहिजे. ओलसर चकाकली तर मधोमध कच्चं आहे. ते गोळे पुन्हा दहा मिनिटं वाफेवर घाला.

तळायचं मध्यम आचेवर. तुकडा टाकला की तो तळाशी जाऊन सावकाश वर यावा. लगेच उसळून वर आला तर तेल फार तापलंय. रंग दोन मिनिटांत येईल आणि आत वाफेचा ओलावा तसाच राहील. अशी बट्टी पंधरा मिनिटांत मऊ पडते. सहा-सात मिनिटं तळून बदामी रंगावर काढा. मोठ्या कढईत एका वेळी साठ-सत्तर तुकडे बसतात.

बाराच्या पंगतीचं गणित मग असं जमतं. साडेसहाला पीठ, सातला वळायला सुरुवात, आठला पहिली वाफ, सव्वानऊपर्यंत सगळे गोळे बाहेर, साडेदहाला कापणी, सव्वाअकराला कढई. पन्नास पानांना चारशे तुकडे लागतात, म्हणजे सहा-सात घाणे, पाऊण तास. पहिली पंगत जेवते तेवढ्याच वेळात दुसऱ्या पंगतीचे चारशे तुकडे तळून होतात. शंभर पानांना एक कढई पुरते ती यामुळे. सगळं आधी तळून टोपल्यात भरून ठेवलं, तर दुसऱ्या पंगतीला थंड, जड बट्टी मिळते आणि लोक नाव आचाऱ्याला ठेवतात.

भंडारा असेल तर याच हिशेबाचे तीन भाग करा. अंदाजाच्या निम्मं पीठ पहाटे भिजवा. पाव भाग कीर्तन सुरू झाल्यावर, मांडवातली गर्दी बघून. उरलेला पाव भाग कोरडाच राहू द्या. भिजवलेलं पीठ पोत्यात परत जात नाही. कोरडं दुसऱ्या दिवशी कुणाच्याही घरी जातं.

वरण

बट्टी भाताच्या दीडपट वरण पिते. वरण-भाताच्या जेवणात शंभर पानांना साडेचार-पाच किलो डाळ पुरते, इथे सात किलो. डाळ धुऊन अर्धा तास भिजवा, हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा. मीठ, चिंच किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा टणक राहतो आणि मग कितीही घोटा. डाळ मऊ झाली की रवीनं घोटून गरम पाणी घालत न्या. सगळं मिळून पस्तीस ते चाळीस लिटर वरण व्हावं. शेजारी गरम पाण्याचा हंडा कायम ठेवा. गार पाणी ओतलं की वरण फुटतं, डाळ खाली आणि पाणी वर.

सैलपणाची परीक्षा पळीवर. पळी उलटी केली की वरण धारेनं पडावं, पण पळीच्या पाठीवर त्याचा थर राहावा. जळगावकडे साधं, हिंग-हळदीचं वरण आणि वरून तूप चालतं, धुळ्याकडे लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेलंही दिसतं. दोन्ही बरोबर. वरण तळाला लागलं तर पळी खाली घालून खरवडू नका. वरचं वरण अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, लागलेलं तिथेच सोडा. एकदा ढवळलं की करपट वास चाळीस लिटरला लागतो आणि तो कोणत्याही फोडणीनं जात नाही.

भाजी

यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात लग्नाच्या पंगतीला घोटलेली वांग्याची भाजी लागतेच. वांगी हिरवी, भरताची. फोडी करून लगेच पाण्यात टाका. दीड किलो तेलात जिरं, लसूण आणि सहाशे ग्रॅम हिरव्या मिरचीचा ठेचा परता, फोडी घाला, झाकण ठेवा. वांगी स्वतःच्या पाण्यात शिजतात, वरून पाणी अगदी बेतानं. मऊ झाली की लाकडी घोट्यानं घोटा. फोड दिसू नये, पण पेस्टही होऊ नये. शेवटी शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. लाल तिखट घातलेली ही भाजी बघितली की जाणकार माणूस नुसता भात मागतो.

भंडाऱ्याला वांग्याऐवजी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. शंभर पानांना पंधरा किलो, साल ठेवून मोठ्या फोडी. साल काढली की फोडीचा लगदा होतो. फोडणीत मेथीदाणा, हिंग, लाल तिखट. शेवटी गुळाचा खडा. पाणी घालू नका, फळालाच पुष्कळ सुटतं. पंधरा-वीस मिनिटांत शिजतं, म्हणून ते कीर्तन संपता संपता चढवायचं.

वाढप

पन्नासच्या पंगतीला आठ वाढपी: दोन बट्टीला, दोन वरणाला, एक भाजीला, एक तुपाला, एक लिंबू-कांदा-मीठाला, एक पाण्याला. वरणाला एकच माणूस ठेवणं ही नेहमीची चूक. बट्टी घेऊन माणूस वरणाची वाट बघत बसतो, आणि वाट बघताना कोरड्या बट्टीच खातो. तिथे तुमचा दोन गोळ्यांचा हिशेब तीनवर जातो.

केळीचा मुलूख असल्यामुळे रावेर, चोपड्याकडे पानांना तोटा नाही. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, लिंबू, कांदा डावीकडे वर, भाजी उजवीकडे, मधे बट्टीचे चार तुकडे. जेवणारा ते हातानं चुरतो आणि चुऱ्याचं गोल आळं करतो, कडा उंच, मधे खळगा. वरण त्या खळग्यात पडतं. सवयीचा वाढपी आळं झालेलं दिसल्याशिवाय वरण वाढत नाही. आधी ओतलं की सपाट केळीच्या पानावरून ते थेट मांडीवर. वरणावर तुपाची धार, मग लिंबू. बट्टी पहिल्यांदा चार तुकडे, मग दोन, मग विचारून एक. आग्रह करायचा तर तुपाचा करा. बट्टीचा आग्रह पानात टाकला जातो, तुपाचा नाही.

पुरणाचे मांडे मात्र या मोठ्या पंगतीच्या हिशेबात आणू नका. खापरावरचा मांडा हातावर पसरवत मोठा करणारी बाई एका वेळी एकच करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावयांना आमरसासोबत वाढायचा तो घरचा थाट आहे, पंधरा-वीस पानांपुरता.

पार्टी म्हणजे भरीत

चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला ते पुन्हा खायला लागतात. तोवर थंडी पडलेली असते आणि वावरात वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या असतात. पार्टी शेतात का होते, त्याचं कारण या काड्या. पार्टीत माणूस पंगतीपेक्षा जास्त खातो. गार हवा, घाई नाही, आणि बघायला सोयरे नाहीत.

पन्नास माणसांना वीस किलो वांगी. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे: फिकट हिरवं, त्यावर पांढरे पट्टे, मोठं आणि लांबट गोल. दोन सारख्या आकाराची हातात घेतली तर हलकं निवडा. जड वांग्यात बिया जास्त. देठ हिरवागार आणि काटेरी हवा.

वांग्याला सुरीच्या टोकानं तीन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं. तेलाचा हात लावा. काड्यांचा आडवा थर, त्यावर वांगी, वर पुन्हा काड्या. काड्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. ओलसर काडीचा धूर कडू असतो आणि तो कडूपणा गरात उतरतो. कपाशीची काडी भरभर पेटते, साल झटकन जळते आणि आतला गर स्वतःच्या वाफेवर शिजतो. कोळशावर साल वाळते आणि आतलं पाणी आटतं, म्हणून तिथलं भरीत कोरडं लागतं. काठीनं वांगी फिरवत राहा. देठाजवळ दाबलं की बोट आत गेलं पाहिजे. बूड शिजलं तरी देठाची बाजू कच्ची राहते.

भाजलेली वांगी दहा मिनिटं टोपल्यात झाकून ठेवा, साल सुटते. देठ धरून सोला. बोटं पाण्यात बुडवली तरी चालेल, वांगं पाण्याखाली धरू नका, सगळा धूर वाहून जातो. प्रत्येक वांगं उभं फाडून बघा. अळी असेल तर ती आताच दिसते, ठेचल्यावर नाही. एक किलो वांग्याचा सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम गर निघतो.

लाकडी बडगीत (ठेचायच्या खोलगट भांड्यात) आधी भाजलेली हिरवी मिरची 900 ग्रॅम, लसूण 500 ग्रॅम आणि मीठ ठेचा. मीठ पहिल्या वेळी 150 ग्रॅमच, उरलेलं चव बघून. मग गर घालून लाकडी मुसळीनं ठेचा. मिक्सर वापरला की गर चिकट आणि राखाडी होतो. फोडणीला दीड लिटर तेल: शेंगदाणे सव्वा किलो आणि खोबऱ्याचे काप अर्धा किलो खरपूस झाले की ठेचलेलं भरीत, आणि खाली उतरवताना तीन किलो चिरलेली कांद्याची पात व किलोभर कोथिंबीर. पात शिजवायची नाही, ती गरम भरतातच नरम होते. काही मंडळी फोडणीच देत नाहीत, कच्चं तेल वरून घेतात. त्या भरतात धुराचा वास जास्त राहतो, आणि खरं सांगायचं तर तेच सरस.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट काळे उडीद, दळतानाच मीठ टाकून. पन्नास माणसांना आठ किलो पीठ. पुऱ्याही करणार असाल तर भाकरीचं पीठ पाच किलोवर आणा आणि पुरीला चार किलो कणीक धरा. उडदामुळे पीठ चिकटतं, म्हणून ज्वारीच्या भाकरीपेक्षा थोडी जाड थापा आणि गरम पाण्यात मळा.

उरलेल्याचं काय

वाफवलेली पण न तळलेली बट्टी पसरून ठेवली तर दुसऱ्या सकाळपर्यंत चांगली राहते. चुरून कांदा-मिरचीच्या फोडणीत परता. तळलेली उरली तर कुटून गूळ-तुपात लाडू करतात. वरण मात्र ठेवू नका. उन्हाळ्याच्या लग्नसराईत बाराचं वरण चारपर्यंत आंबतं, म्हणून शेवटची पंगत बसतानाच जे उरेल ते डबे भरून वाटायला काढा. भरीत कांद्याच्या पातीमुळे रात्रीपर्यंत पाणी सोडतं. शेतातून निघताना न्यायचं असेल तर पात घालण्याआधीच तेवढं वेगळं काढा, आणि घरी पोहोचल्यावर पात घाला.